दादाला कुठे ठेवलंय?

महाडजवळच्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यांच्या 91 वर्षांच्या आजीचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते आणि 1944 मध्ये, विशीच्या आतबाहेर असताना, इटलीत पडले. ‘दादाला कुठे ठेवलंय?’ असे आजी अलीकडे रोज विचारतात. वडील मात्र ‘इंग्रजांसाठी मेलेल्याचं कसलं स्मरण?’ म्हणत घराच्या दुरुस्तीत फोटो आणि पदके काढून टाकायला निघाले आहेत. आजीला काय सांगावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, खरे तेच सांगा, पण आधी शोधून काढा. पदके आजच ताब्यात घ्या. हिंदी शिपायांच्या पदकांवर बहुधा नंबर आणि नाव उमटवलेले असे. त्यावरून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नोंद विनामूल्य शोधता येते. नावाचे स्पेलिंग कारकुनाच्या कानाला लागेल तसे झालेले असते, तेव्हा ते बदलून पाहा, आणि जिल्हा रायगड नव्हे, कुलाबा या त्याच्या जुन्या नावाने शोधा. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही सापडते.

कबरीची आशा मात्र आजींना लावू नका. हिंदू शिपायांना तिथे अग्नी दिला जाई आणि त्यांची नावे सांग्रो नदीकाठच्या व फोर्लीच्या स्मारकांवर कोरली गेली; ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, त्यांची कासिनोला. तुमच्याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी, बाविसाव्या वर्षी, शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने घेऊन पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, पण त्यांचीही समाधी नाही, नाव कासिनोलाच आहे. इटलीतल्या मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले.

वडिलांचा मुद्दा पोकळ नाही, कारण त्या वर्षी आपले पुढारी तुरुंगात होते. पण तो वाद साम्राज्याशी आहे, आणि पोटासाठी भरती झालेल्यांना दोषी धरायचे तर कोकणात फार थोडी घरे निर्दोष उरतील. आजींनी त्यांना देशभक्तीबद्दल विचारलेले नाही.

मृत्यूची तिथी ठाऊक नसली, तरी भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने गेलेल्यांचे श्राद्ध करतात. त्या दिवशी सापडलेली नोंद आजींना सावकाश वाचून दाखवा आणि पान त्यांच्याच हाताने वाढू द्या. बहिणीला अधिकार नाही असे गुरुजी म्हणाले, तर दुसरे गुरुजी बघा.