अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या होपी या मूळनिवासी लोकांच्या कात्सिना बाहुल्या कोणत्या लाकडाच्या असतात? आजही हातानेच कोरतात का?

कॉटनवूडच्या मुळाच्या. खोडाच्या नाही, मुळाच्याच. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मुलखात पॉप्लरच्या कुळातलं हे झाड पाण्याच्या कडेने वाढतं. त्याचं वाळलेलं मूळ हलकं असतं आणि सुरीखाली सहज कापलं जातं.

हो, आजही हातानेच कोरतात. जुन्या पद्धतीत सुरीने आकार काढायचा, घासून गुळगुळीत करायचं, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, त्यावर खनिज आणि वनस्पतींचे रंग, शेवटी पिसं. पुढे अ‍ॅक्रिलिक रंग आले, नाचाच्या आवेशातल्या बारीक कोरीवकामाच्या मूर्तीही आल्या. मला मात्र ताठ उभ्या, हात पोटाशी घेतलेल्या जुन्या घडणीच्याच फार आवडतात. काही कारागीर पुन्हा तशाच घडवतात, याचा आनंद वाटतो.

पण ही शोभेची वस्तू म्हणून जन्मलेली नाही. कात्सिना म्हणजे पाऊस आणि सुबत्ता आणणारे आत्मे. फेब्रुवारीतल्या पोवामू आणि जुलैतल्या निमान विधींत ते नर्तकांच्या रूपात येऊन मुलींना या बाहुल्या देतात. तान्ह्या मुलीला साधी, चपटी बाहुली मिळते. घरी ती भिंतीवर टांगतात.

विकत घेणार असाल तर कारागीर कोण, हे विचाराच. नक्कल वस्तू मूळनिवासींची म्हणून विकणं अमेरिकेत 1990च्या कायद्याने गुन्हा आहे.