ओसीडी असूनही एमआरआय ‘नॉर्मल’ कसा?

भावाला ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यापायी तीच ती कृती करत राहण्याचा मानसिक आजार) सांगितलंय, मेंदूचा एमआरआय मात्र नॉर्मल आला. मग निदान चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. नॉर्मल रिपोर्टवरून तसं अजिबात ठरत नाही. ओसीडीत मेंदूच्या रचनेत फरक आढळतात हे खरं, पण ते गटाच्या सरासरीत दिसतात, एकट्या माणसाच्या स्कॅनमध्ये नाही.

२०१७ साली ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाने १,८३० रुग्ण आणि ओसीडी नसलेल्या १,७५९ जणांची मापं एकत्र तपासली. प्रौढ रुग्णांत मेंदूच्या आतल्या भागांपैकी हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आणि पॅलिडम किंचित मोठा निघाला. हिप्पोकॅम्पसमधला फरक जेमतेम ०.१३ प्रमाण विचलनाचा (माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या फरकाचं माप) होता. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर सुमारे ९५ टक्के भाग जुळतो, इतका तो कमी आहे. औषधं सुरू नसलेल्या मुलांत थॅलॅमस हा आतला आणखी एक भाग मोठा दिसला, प्रौढांत तसं काही दिसलं नाही. त्यामुळे ‘ओसीडीचा मेंदू’ असा एकच साचा नसतो. शिवाय रेडिओलॉजिस्ट गाठ, रक्तस्राव, जुन्या इजेच्या खुणा शोधतो; प्रत्येक भागाचं घनफळ मोजत बसत नाही.

खरा गुंता आकारापेक्षा जोडणीत आहे. कपाळामागचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) ‘काहीतरी चुकतंय’ असा इशारा देतो. हा इशारा स्ट्रायटम, पॅलिडम, थॅलॅमस या आतल्या भागांतून फिरून परत कॉर्टेक्सकडे येतो. या वर्तुळात एक वाट इशारा पुढे रेटते, दुसरी त्याला आवर घालते. ओसीडीत रेटणारी वाट वरचढ ठरते, असं सर्वाधिक मान्य असलेलं प्रारूप सांगतं. कुलूप लागलेलं डोळ्यांना दिसतं, तरी ‘झालं’ ही जाणीवच पोचत नाही. म्हणून घरच्यांनी दहा वेळा खात्री दिली तरी उपयोग होत नाही, उलट तपासत राहण्याची सवय पक्की होते. हे घरात सगळ्यांना समजायला हवं.

हे वर्तुळ बदलू शकतं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या (मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय हे दाखवणारा स्कॅन) अभ्यासात उपचारांनी बरं वाटलेल्यांच्या कॉडेट या स्ट्रायटमच्या भागातला ग्लुकोजचा वापर उतरला होता. फ्लुऑक्सेटिन हे औषध घेणाऱ्यांत उतरला, तसाच नुसती वर्तनचिकित्सा घेणाऱ्यांतही.

औषधं घेणाऱ्या प्रौढांत कॉर्टेक्स पातळ आढळला, हे वाचून कृपा करून गोळ्या थांबवू नका. ज्यांचा आजार तीव्र किंवा जुना, त्यांनाच बहुधा औषधं सुरू असतात. त्यामुळे पातळपणा कशामुळे आला हे अशा तुलनेतून ठरत नाही. स्कॅन काढताना डोकं हललं तरी कॉर्टेक्स पातळ मोजला जातो.

पुन्हा एमआरआय करण्याऐवजी डॉक्टरांकडे वाय-बॉक्स (ओसीडीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) मोजणीची नोंद मागा. १० प्रश्न, ० ते ४० गुण. १६ किंवा त्याहून जास्त गुण असले तर त्रास मध्यम किंवा जास्त धरतात. उपचारांनंतर गुण साधारण ३५ टक्क्यांनी उतरले, तर उपचार लागू पडले असं मानतात. औषधाला पुऱ्या डोसवर ८ ते १२ आठवडे द्या, ओसीडीत डोसही नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो. जोडीला ईआरपी, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाऊन कृती रोखण्याची चिकित्सा, येणारा थेरपिस्ट शोधा.

लक्षणं पन्नाशीनंतर पहिल्यांदा आणि अचानक आली, किंवा सोबत फिट, हातापायांत कमजोरी, विचित्र हालचाली, स्मृतिभ्रंश असेल, तर मात्र एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टची भेट लांबवू नका.