गोव्यातून लिव्हअबोर्ड डायव्हिंग करता येतं का? छोट्या आलिशान यॉटचे पैसे वसूल होतात का?

तुम्ही लिहिलंय की गेल्या डिसेंबरात दोघांनी गोव्यात ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. आता लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला एखाद्या छोट्या आलिशान यॉटवर आठवडाभर राहून डायव्हिंग करायचंय, आणि ते गोव्यातूनच जमलं तर बरं. मी फोंड्याचा. नोकरी वास्कोला, आणि सीझनमधले बरेचसे रविवार ग्रँड आयलंडच्या पाण्याखाली जातात. लिव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच मुक्काम करून डायव्हिंग, एकदाच केलंय, मालदीवला, मेव्हण्याबरोबर. तेवढ्या शिदोरीवर सांगतो.

गोव्यातून नाही. मांडवीत यॉट हव्या तेवढ्या मिळतील, पण त्यांच्यावर डायव्हिंगचे हवेचे टँक नसतात, डीजे असतो. याला कारणही साधंच आहे. बोटीवर मुक्काम करायचा तो किनाऱ्यावरून रोज ये-जा करता येत नाही म्हणून. आमचं ग्रँड आयलंड मुरगावच्या तोंडाशीच. सकाळी निघायचं, दोन डाइव्ह मारायच्या, दुपारी घरी येऊन शीत-कडी जेवायची. त्यासाठी कोण बोटीवर झोपेल? शिवाय जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला, तेव्हा सगळंच बंद.

आपल्या बाजूला लिव्हअबोर्डला खरोखर शोभेल अशी एकच जागा आहे, आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं. पण त्याचा माथाच जवळपास २० मीटर खोल आणि तुमच्या कोर्सचं कार्ड १८ मीटरपर्यंतच्या खोलीचं, म्हणजे आज बोट मिळाली तरी तुम्ही वरूनच हात जोडणार. मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी सुंदर आहे, पण ती दिवसाची ट्रिप. लक्षद्वीपला परमिट काढून बेटावर राहायचं. तेव्हा लिव्हअबोर्डच हवं असेल तर मालदीव, थायलंडची सिमिलन बेटं, इजिप्तचा तांबडा समुद्र नाहीतर इंडोनेशिया. त्यातलं मालदीव आपल्याला सोपं: व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, आणि आपला थंडीचा मोसम तोच त्यांचा चांगला मोसम.

आता ‘आलिशान’बद्दल. जाहिरातीत जकुझीचा फोटो असतोच. आमच्याही बोटीवर होती. तिच्यात आठवडाभर टॉवेल वाळत होते. सकाळी सहाला घंटा, चहाचा घोट, ब्रीफिंग, पाण्यात. वर येऊन नाश्ता, मग दुसरी डाइव्ह. जेवण, झोप, तिसरी. एखाद्या दिवशी रात्रीची चौथी. अशा दिवसात जकुझीला वेळ कुठला? आणि डाइव्हनंतर लगेच गरम पाण्यात बसू नये, असंही सांगतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उष्णतेने लवकर बुडबुडे धरतो.

मला चैन वाटली ती निराळीच. आम्ही पाहुणे दहा, गाइड दोन, म्हणजे पाण्यात पाच-पाच जण. मांटा (पंख पसरल्यासारखे पोहणारे मोठे चपटे मासे) जिथे अंग साफ करून घ्यायला येतात त्या खडकापाशी आम्ही चाळीस मिनिटं नुसते गुडघे टेकून बसलो होतो. मग चोवीस माणसांची एक मोठी बोट आली आणि पाच मिनिटांत तिथे वास्कोच्या मासळीबाजाराची कळा आली. आम्ही मुकाट्याने निघालो. मालदीवला टँक, ते भरायचा कॉम्प्रेसर, ओले सूट हे सगळं ‘धोणी’ नावाच्या वेगळ्या बोटीवर असतं. त्यामुळे राहत्या बोटीवर ना कॉम्प्रेसरची धडधड, ना ओल्या निओप्रीनचा वास. जकुझीपेक्षा ही धोणी विचारा.

छोट्या बोटीचे तोटेही ऐका. ती हलते जास्त. आणि जेवायला टेबल एकच, त्यामुळे एखादा कंटाळवाणा माणूस वाट्याला आला की आठ दिवस त्याच्यापासून सुटका नाही. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ प्रत्येक माशाला ‘हा तर मी यापेक्षा मोठा पाहिलाय’ म्हणायचे.

यापुढचं जरा सावकाश वाचा. बोट निवडताना मी जेवण आणि केबिनचे फोटो पाहिले, तुम्हीही तेच पाहत असाल. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसं गेली. रात्रीची गस्त घालणारं कोणीही जागं नव्हतं. २०२३ मध्ये कप्तान दोषी ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ पहाटेच उलटली, तेव्हाही लोक केबिनमध्ये होते. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा: रात्री कोण जागं असतं? टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, आणि तिथे रात्री कोणी असतं का? खालच्या केबिनमधून जिना सोडून दुसरी वाट कुठून, आणि ती कुठे उघडते?

आमच्या बोटीवर दुसरी वाट होती. छतातली झडप, खलाशांच्या खोलीत उघडणारी. पहिल्या संध्याकाळी मेव्हण्याने (तो इन्शुरन्समध्ये आहे, त्याला स्वस्थ बसवत नाही) ती ढकलून पाहिली. हलेना. वर तांदळाची पोती रचलेली! ‘नो प्रॉब्लेम सर’ दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा आम्ही केबिनमध्ये झोपायलाच नकार दिला, तेव्हा पोती हलली.

आता तुमच्या तयारीचं. कोर्सच्या चार डाइव्हवर आठवड्याची ट्रिप घेऊ नका, घेतलीत तरी बऱ्याच बोटी अॅडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढच्या कोर्सचं) कार्ड आणि केलेल्या डाइव्हच्या नोंदींनी भरलेलं लॉगबुक मागतात. मालदीवच्या कांडूंमध्ये, म्हणजे प्रवाळांमधल्या खाड्यांमध्ये, करंट असा असतो की खडकात हुक अडकवून लोंबकळावं लागतं. त्याआधी आमच्या गढूळ पाण्यात अजून दहा-पंधरा डाइव्ह करा. इथे चार मीटर दिसलं तरी आम्ही खूश असतो, त्यामुळे बडीला, म्हणजे जोडीदाराला, चिकटून राहायची आणि हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजकडे बघायची सवय आपोआप लागते. सुझीज रेक या बुडालेल्या जहाजापाशी एकाचा फिन (पायातलं वल्हं) तळाला लागला की गाळ उठतो आणि सगळे आंधळे होतात. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहायचं कसब, सुधारते ती त्या शरमेने.

एक गोष्ट मात्र हे पाणी शिकवत नाही. इथे खाली गेलं की अंधारतं आणि खोली अंगाला कळते. मालदीवला पहिल्या दिवशी सगळीकडे लख्ख उजेड, मी आपला आरामात, आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर पिकपिक करायला लागला तेव्हा आकडा २९ मीटरवर. तिथे कायद्याची मर्यादा ३० मीटर आहे. गाइडने वर आल्यावर फक्त भुवया उंचावल्या.

अॅडव्हान्स्डबरोबर नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा, कोर्सही उरकून घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनवर रोज तीन-चार डाइव्ह अधिक निवांत होतात. मात्र ते साधारण ३३ मीटरच्या खाली चालत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पैशांचं थोडक्यात: जाहिरातीतला आकडा अर्धवट असतो. त्यावर मालदीवचा १७ टक्के जीएसटी, माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स, भाड्याचा गिअर, नायट्रॉक्स, खलाशांची बक्षिसी, हे सगळं आधी लिहून मागा. डायव्हिंगचा विमा वेगळा काढा. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास जावे लागतात, म्हणजे सात रात्रींच्या ट्रिपमध्ये शेवटचा दिवस कोरडाच. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. पण मी मेव्हण्याबरोबर गेलो होतो, तुम्ही बायकोबरोबर निघालाय, म्हणून एवढं सांगतो: वाढदिवसाचा केक पहिल्या-दुसऱ्या रात्रीच कापून घ्या. चौथ्या दिवसापासून रात्री आठला ताटावरच डोळे मिटतात.