सामाईक कंपाउंड भिंत जुन्याच जागी, अर्ध्या-अर्ध्या खर्चात बांधावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राजेंद्र नगरच्या बाजूला 30×50 चा प्लॉट. शेजारच्या काकांच्या आणि तुमच्या मधली साडेचार इंची, 50 फूट लांब भिंत दोन पावसाळ्यांत कलली आहे. काका म्हणतात, पाडून तिथेच बांधू, खर्च निम्मा-निम्मा. रजिस्ट्रीत रुंदी 30 फूट असली तरी टेप 29 फूट 5 इंच दाखवतो. त्यात काकांच्या गेटचा पल्ला तुमच्या गेटला आपटतो.

निम्म्या खर्चाची सामाईक भिंत ही चांगली कल्पना आहे. 'तिथेच' हा शब्द मात्र अजून मान्य करू नका.

ते 7 इंच काकांकडेच गेलेत असं आत्ता धरून चालू नका. कललेल्या भिंतीचं माप वरून घेतलं की दोन-तीन इंच तिथेच जातात. माप जमिनीलगत, प्लास्टरच्या आत, विटेच्या तोंडापासून घ्या. टेप स्टीलचा असावा, कारण कापडी टेप ताणला जातो. मग दोन्ही कर्ण मोजा. 30×50 ला कर्ण 58 फूट पावणेचार इंच येतो. दोन कर्णांत फरक निघाला तर प्लॉट तिरका आहे, म्हणजे पुढे 30 फूट भरूनही मागे कमी भरू शकेल. त्यानंतर अख्खी ओळ मोजा, रस्त्याच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कॉलन्यांमध्ये पहिल्या घराने तीन इंच खाल्ले की ते पुढे सरकत सरकत भलत्याच्याच माथी येतात, आणि भांडण होतं निरपराध शेजाऱ्याशी.

कागद कोणता लावायचा, यातही गल्लत होते. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 129 खाली तहसीलदाराकडे सीमांकनाचा अर्ज देता येतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, राजस्व निरीक्षक मोजणी करतो, पंचनामा होतो. पण जुन्या कॉलनीत पटवाऱ्याच्या नकाशावर बहुतेक वेळा खसऱ्याचीच, म्हणजे मूळ सर्व्हे नंबरचीच हद्द असते. आतल्या प्लॉटची रेघ कॉलनीच्या मंजूर लेआउटमध्ये आणि रजिस्ट्रीच्या चतुःसीमेत सापडते. म्हणून आधी लेआउटची प्रत मिळवा. प्लॉट विकास प्राधिकरणाच्या योजनेतला असेल तर मोजणीची विचारणा त्यांच्याकडेच करा.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. मर्यादा अधिनियम (लिमिटेशन ॲक्ट) 1963 च्या अनुच्छेद 65 मध्ये जागेचा ताबा परत मागायला 12 वर्षांची मुदत आहे. चुकीच्या रेघेवरची भिंत त्याहून जुनी असेल आणि मधली पट्टी उघडपणे, आपली म्हणून शेजारी वापरत असेल, तर तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. त्यात तुम्ही सही करून त्याच रेघेवर नवी भिंत उभी केली की तुमची बाजू आणखी लंगडी होते. फरक खरा निघाला तर भिंतीआधी तो वकिलाला दाखवा.

आता सामाईकच का, ते सांगतो. माळव्याच्या काळ्या मातीत भिंतीचा प्रश्न पायाचा असतो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दीड फुटावर ठेवलेला पाया दरवर्षी उठतो आणि बसतो. तुमची भिंत बहुधा यामुळेच कलली आहे, विटा बिचाऱ्या निर्दोष. पाया काळी माती संपून मुरम लागेल तिथे न्यावा लागतो, आणि खाली त्याची रुंदी निदान 2 फूट लागते. भिंत फक्त स्वतःच्या जागेत बांधायची म्हटलं तर हा 2 फुटांचा पाया सगळा तुमच्याच हद्दीत बसवावा लागेल, म्हणजे भिंतीचं बाहेरचं तोंड रेघेपासून जवळजवळ 10 इंच आत येणार. पाया एकाच बाजूला काढून भिंत कडेवर उभी करण्याची युक्ती मिस्त्री सुचवतील. काळ्या मातीत ती कलण्याची तयारीच समजा. आणि दोघांनी आपापली भिंत शेजारी-शेजारी बांधली तर मधल्या चार इंचांत पालापाचोळा नि पाणी साचतं, माती तिथूनच फुगते आणि दोन्ही भिंती बाहेर झुकतात. रेघ भिंतीच्या बरोबर मध्यातून, पाया दोन्हीकडे एक-एक फूट, हे सर्वात स्वस्त आणि टिकाऊ.

मुरम पाच फुटांपर्यंत लागला नाही तर सलग चर खणत बसू नका. पिलरच्या जागी गोल खड्डे पाडून पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्या आणि त्यावर बीम टाका. बीमच्या तळाशी माती टेकता कामा नये. 80 मिमी मोकळी जागा ठेवतात ती माती फुगायला. मिस्त्री हमखास ती मातीने भरतो, 'मजबूत' व्हावी म्हणून! तिथे उभं राहून बघा. चराच्या पायात परत भरताना मुरम भरा, उकरलेली काळी माती गाडीत घालून बाहेर पाठवा. काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरकावं. मे महिन्यात माती सगळ्यात आकसलेली असते आणि पहिल्या पावसात तिचं फुगणं थेट ताज्या बांधकामावर येतं. शेजारच्या घराची भिंत जवळ असेल तर पन्नासच्या पन्नास फूट एकदम उकरू नका. दहा-दहा फुटांचे टप्पे करा.

वर साडेचार इंची भिंत पुरे, पण दर आठ-साडेआठ फुटांवर 9 इंची पिलर हवा. 25 फुटांवर दोन पिलर शेजारी-शेजारी घेऊन मध्ये इंचभर फट ठेवा. नाहीतर भिंत स्वतःच तिथे कुठेतरी फट पाडून घेते. 5 फूट उंचीला साधारण 1200 विटा लागतील. 1:4 मसाल्याने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) विटकाम आणि दोन्हीकडचं प्लास्टर मिळून सिमेंटच्या दहा-अकरा गोण्या. पाया, पिलर नि बीमचं काँक्रीट वेगळं. उंची वाढवायचा मोह आवरा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कंपाउंड भिंतीला समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून वर दीड मीटर उंची दिली आहे, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचे 0.9 मीटर जाळीदार ठेवायचे. स्थानिक नियम नगर निगमात विचारून घ्या.

पाण्याचा विचार बहुतेक लोक भिंत झाल्यावर करतात. दोन्हीकडे भिंतीलगत दोन-अडीच फूट पक्का पट्टा करा, उतार भिंतीपासून दूर आणि रस्त्याकडे. भिंतीला भोकं ठेवून आपलं पाणी काकांच्या अंगणात सोडू नका. भिंतीच्या माथ्यावरचा थर, म्हणजे कोपिंग, सामाईक भिंतीला दुतर्फा उताराची. लगत झाड नको. काळ्या मातीतलं पाणी ते शोषून घेतं आणि पाया तेवढाच बसतो.

लेखी काय असावं: रेघ कोणत्या दोन पक्क्या खुणांपासून किती अंतरावर, पायाची रुंदी, खर्चाची वाटणी, जुन्या विटा कोणाच्या, पुढची दुरुस्ती कोणी करायची, आणि भिंतीवर शेडचे अँगल, टाकी किंवा पाइप कोणी लावायचे नाहीत. नकाशा जोडा, दोघांच्या नि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यात कोणी जमिनीची पट्टी सोडत असेल तर नोटरीने भागत नाही, रजिस्ट्री करावी लागते. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांची सही. जुनी भिंत हा कागद झाल्यावरच पाडा, आणि पाया बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा. नंतर हा पुरावा जमिनीखाली गेलेला असतो.

गेटचं सोपं आहे. पल्ला आतच उघडावा, रस्त्यावर नाही. आत चढ असेल तर पल्ला जमिनीला घासतो. तिथे सरकतं गेट लावा, त्याला स्वतःच्या पुढच्या भिंतीलगत गेटच्या रुंदीहून फूटभर जास्त जागा लागते. सामाईक कोपऱ्याच्या पिलरवर कोणीच गेट टांगू नये. पल्ल्याचं वजन पिलरला ओढतं आणि भिंतीची पहिली भेग तिथेच जाते. दोघांचे गेटपिलर वेगळे, काँक्रीटचे, 12 मिमीच्या चार सळ्यांचे. आत बसवलेल्या लोखंडी प्लेटला तीन बिजागऱ्या वेल्ड केलेल्या. काकांचा पल्ला आपटतो त्याला तोपर्यंत जमिनीत एक स्टॉपर पुरे.