लेव्हीचा पैसा कोणाचा?

प्रश्न : वय ४४. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधल्या कंपनीने वेल्डर म्हणून ४९४ व्हिसाची (मालकाच्या स्पॉन्सरशिपवर प्रादेशिक भागात काम करण्याचा तात्पुरता व्हिसा) तयारी दाखवली आहे. पण लेव्ही मलाच भरायला सांगतात. भरू का? आणि नोकरी सुटली तर?

उत्तर : अजिबात भरू नका. ट्रेनिंग लेव्ही, म्हणजे परदेशी कामगार घेताना सरकारला द्यायचं प्रशिक्षण-शुल्क (कंपनीची वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरखाली असल्यास ३,०००, अन्यथा ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर) मालकानेच भरायची. ती कामगाराकडून वसूल करणे बेकायदा आहे. सुरुवातीलाच असं मागणाऱ्या कंपनीबद्दल जरा सावधच राहा.

तुमची खरी अडचण वयाची. व्हिसाचा अर्ज दाखल होताना पंचेचाळीस पूर्ण झालेली नकोत. त्याआधी कंपनीची स्पॉन्सर म्हणून मंजुरी, मग नॉमिनेशन (त्या पदासाठी कंपनीने तुमचं नाव देणं), त्यासाठी प्रादेशिक संस्थेचा पगाराबाबतचा अभिप्राय, यात महिने जातात. म्हणून कौशल्य-मूल्यांकन आणि आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) आजच सुरू करा. चारही विभागांत किमान ६ हवेत. एकात साडेपाच आले, तर सरासरी सात असूनही उपयोग नाही. संबंधित कामाचा पूर्णवेळ तीन वर्षांचा अनुभवही लागतो. अनुभवपत्रात नुसतं पद नको. कोणतं वेल्डिंग, कोणत्या धातूवर, हे लिहून घ्या.

नोकरी सुटली, तर नवा स्पॉन्सर शोधायला सलग १८० दिवस मिळतात. तोही प्रादेशिक भागातलाच हवा. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन चालत नाहीत. कायम वास्तव्याच्या १९१ व्हिसासाठी तीन वर्षांची करनिर्धारणपत्रं लागतील, तेव्हा रोखीतला पगार नकोच.