काचा फोडायच्या आधी एकदा हे वाच

अगं, तुझा रात्री दीड वाजताचा मेसेज सकाळी वाचला. फोनच करणार होते पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. लांबलंय, सवडीने वाच.

"ताई, शांततेत काही होत नाही, चार काचा फुटल्याशिवाय कोणी बघतच नाही" असं तू लिहिलंयस. मोर्चाला एवढी माणसं जमवली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, निवेदन दिलं, ऑफिसातल्या साहेबांनी हसून घेतलं, फोटो काढला आणि सोमवारी सगळं जैसे थे. राग येणारच, नसता आला तर मला काळजी वाटली असती. पण मला विचारशील तर तुमचा मोर्चा शांत होता म्हणून वाया गेला नाही, त्याने कोणाचं काहीच अडलं नाही म्हणून वाया गेला. तुम्ही गेलात, आलात, साहेबांचा चहासुद्धा थंड झाला नाही.

मॉन्टगोमेरीचं बघ, अमेरिकेतलं, १९५५ सालचं. रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या सीटवरून उठली नाही आणि इतिहास घडला, एवढंच सगळ्यांना माहिती असतं, जणू बाई दमल्या होत्या आणि पुढचं आपोआप झालं. त्या आधीपासून कितीतरी वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेत काम करत होत्या. आणि त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन नावाची १५ वर्षांची पोरगी अशीच उठली नव्हती, तिलाही अटक झाली होती, तेव्हा कोणी बसवर बहिष्कार टाकला नाही. मग १ डिसेंबरला पार्क्सना अटक झाली त्या रात्री काय झालं? जो ॲन रॉबिन्सन म्हणून एक कॉलेजात शिकवणारी बाई, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी रात्रभर कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर पत्रकं काढत बसले, हजारोंनी, आणि दिवस उजाडल्यावर गावभर वाटायला निघाले. बसवर बहिष्कार टाकायचा विचार रॉबिन्सनच्या महिला संघटनेने आधीच करून ठेवला होता, अगदी महापौरांना पत्रातून तसा इशाराही दिला होता. फक्त तारीख ठरायची होती.

आता बहिष्कारच का, तर बसचे जवळजवळ तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच तिकिटाच्या पैशावर बस चालायच्या आणि त्यांनाच मागे बसवायचे. कंपनीचा जीव कशात आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. तुमच्या त्या ऑफिसचा जीव कशात आहे ते तुला माहितीये का? तुझ्या चार पानी मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नाहीये, म्हणून विचारतेय.

आणि बहिष्कार म्हणजे नुसतं "बसू नका" असं नसतं ना. लोकांना कामावर जायचं होतं, रोज, ३८१ दिवस. आधी टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये न्यायला सुरुवात केली, तर प्रशासनाने ४५ सेंटचा किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग लोकांनी स्वतःच्या गाड्या काढल्या, कुठे थांबायचं, कोण कधी येणार, सगळं ठरवून. तर गाड्यांचे इन्शुरन्स रद्द व्हायला लागले, शेवटी लंडनमधून विमा मिळवला. पेट्रोलला पैसे लागायचे. जॉर्जिया गिलमोर नावाच्या बाईंनी काय केलं तर आणखी बायका गोळा करून घरी जेवण आणि केक बनवून विकायला सुरुवात केली आणि पैसे दर सभेत आणून द्यायच्या. त्या ग्रुपचं नाव 'कुठूनच नाही क्लब', म्हणजे कोणी विचारलं पैसे कुठून आले तर खरं सांगायचं, कुठूनच नाही! मला या लढ्यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. मार्टिन ल्यूथर किंगची भाषणं गाजली, गाजायलाच हवीत, पण गाडीत पेट्रोल या बायकांनी घातलं.

आणि त्यांच्या पहिल्या मागण्या बघशील तर तुला हसू येईल. ड्रायव्हरने नीट बोलावं, जो आधी येईल त्याने बसावं (तेही कृष्णवर्णीयांनी मागूनच भरत यायचं!), आमच्या भागातल्या बसवर आमचे ड्रायव्हर ठेवा. एवढंच. तेही दिलं नाही तेव्हा मागणी मोठी झाली, कोर्टात केस गेली, त्या केसमध्ये ती कोल्विन पण होती, आणि १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला. म्हणजे रस्ता आणि कोर्ट दोन्ही बरोबरीने चाललं होतं. तुमच्या निवेदनात १७ मागण्या आहेत गं, मी मोजल्या. शेवटच्या तीन तर मला कळल्या पण नाहीत.

आता काचांचं. एक गोष्ट सांगते, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. आमचा एक ठिय्या होता, तिसरा दिवस, दुपारची वेळ, सगळे कंटाळलेले, पाणी संपलेलं. गर्दीच्या मागच्या टोकाला एक पोरगा होता, आमच्यातला कोणीच त्याला ओळखत नव्हता. त्याने एक दगड मारला. एकच. तो एका हवालदाराच्या कपाळाला लागला. लाठीमार तर झालाच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढचे दोन आठवडे आम्ही जिथे जाऊ तिथे दगडावरच बोलत होतो, मागणी काय होती हे कोणी विचारेना. मी बरीच वर्षं त्या पोराला शिव्या दिल्या, नंतर लक्षात आलं की चूक आमचीच होती. मागच्या टोकाला आमचा एकही स्वयंसेवक उभा नव्हता. आम्ही सगळे पुढे, माईकजवळ.

अमेरिकेतल्याच नॅशव्हिलची कॉलेजातली पोरं आमच्यापेक्षा शहाणी. १९५९ च्या शेवटी जेम्स लॉसन नावाचे एक कार्यकर्ते त्यांना चर्चच्या तळघरात शिकवायचे (हे लॉसन आधी तीनेक वर्षं आपल्याकडे नागपुरात कॉलेजात होते आणि गांधींचा अभ्यास करून परत गेले). शिकवायचे म्हणजे लेक्चर नाही, रंगीत तालीम. अर्धी पोरं गुंड व्हायची आणि उरलेल्या अर्ध्यांना शिव्या द्यायची, खुर्चीवरून ओढायची, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायची. आपल्याच मित्राने आपल्याला खाली पाडलं तरी हात उचलायचा नाही, डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला कसं वाचवायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा. ज्याला जमत नाही त्याला बाहेरचं काम. मग १९६० च्या फेब्रुवारीत ते दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. २७ तारखेला जमावाने मारलं, पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून यांनाच अटक केली, तर एक तुकडी उचलली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, ती उचलली की तिसरी. सोबतीला त्या दुकानांमधली खरेदी बंद. मे महिन्यात काउंटर सगळ्यांना खुले झाले. तुमच्याकडे दुसरी तुकडी आहे का? तिसरी राहू दे.

कधीकधी शहाणपण रस्त्यावर न जाण्यात पण असतं. पोलंडमध्ये १९७० च्या डिसेंबरात कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, कितीतरी मेले. म्हणून १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातले कामगार बाहेर आलेच नाहीत, आतच बसले. गेट बंद, दारूला बंदी. तिसऱ्या दिवशी मॅनेजमेंटने पगारवाढ मान्य केली आणि लोक घरी निघाले सुद्धा, तेव्हा आना व्हालेन्तिनोविच आणि आणखी दोघीतिघी बायकांनी गेटवर लोकांना अडवलं, की आपलं झालं पण छोट्या कारखान्यांचं काय, त्यांना उद्या चिरडतील. तिथून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली. ३१ ऑगस्टला करार, मग पुढच्या वर्षी लष्करी कायदा, नेते तुरुंगात, आणि खरा बदल १९८९ ला. नऊ वर्षं.

तू म्हणशील नऊ वर्षं कोणाकडे आहेत. महाडला बाबासाहेबांनी १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, परतताना लोकांवर हल्ला झाला, त्यांनी स्वतःच्या माणसांना उलट वार करू दिला नाही, आणि हायकोर्टाचा निकाल आला १९३७ ला. मी तुला घाबरवत नाहीये, फक्त सोमवारी सकाळी हिशोब मांडू नकोस.

आकडे हवे असतील तर एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधले ३२३ लढे तपासले, त्यात अहिंसक लढे ५३ टक्के यशस्वी झाले आणि हिंसक २६ टक्के. पण उलटं वाचलं तर जवळजवळ निम्म्यांना पूर्ण यश मिळालं नाही. आणि अलीकडे यशाचं प्रमाण खाली आलंय असं चेनोवेथ स्वतःच सांगतात. १९८९ ला बीजिंगच्या चौकात लष्कराने आंदोलकांना कसं चिरडलं ते तुला माहितीये. कधी समोरचा हुशार पण निघतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीत १९६१-६२ ला असाच लढा झाला, तिथे पोलीस प्रमुखाने आजूबाजूच्या गावांतले तुरुंग आधीच बुक करून ठेवले, कॅमेऱ्यासमोर कोणाला हात लावू दिला नाही, शांतपणे अटक करत राहिला. अटक करून घेऊन तुरुंग भरायचे असा आंदोलकांचा बेत होता, पण तुरुंग भरेनात आणि माणसं संपली. तुझे साहेब फोटो काढतात ना, तेही याच शाळेतले वाटतात मला. तुम्ही काच फोडावी हेच त्यांना हवंय.

तर रविवारपर्यंत एवढं कर. कागदाच्या मधोमध त्या साहेबांचं पद लिही, आणि भोवती कोणाकोणामुळे त्यांचं रोजचं काम चालतं ते लिही, क्लार्क, ड्रायव्हर, कंत्राटदार, वरचे साहेब, जे सुचेल ते. त्यातल्या कोणाशी तुमच्यापैकी कोणाची ओळख आहे तिथे खूण कर. १७ मागण्यांतली एक निवड, बाकीच्यांवर भांडणं होतील, होऊ देत. आणि दगड मारायला निघालेल्या त्या तुझ्या दोन मित्रांना पण घेऊन ये, त्यांना मागच्या टोकाचे स्वयंसेवक करू, अशी पोरं तिथे फार चांगलं काम करतात.

घसा बसलाय म्हणतेस तर दोन दिवस गप्प बस, हे तुला जमणार नाही माहितीये.

तुझी,
ताई