प्राचीन धर्मशास्त्रातले नियम आजच्या नैतिकतेला लागू होतात का?

नाही. आणि होतात म्हणणारेही सगळे नियम लावत नाहीत, सोयीचे तेवढे लावतात.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. वडिलांचा दहावा माहुलीला, संगमावर केला. कावळा शिवला आणि घाटावरून उठायच्या आतच तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, विषय काढला. "पोरींनी जमिनीवरची हक्कसोड करून द्यावी. दिल्या घरची लेक, शास्त्रात तिला वाटा नाही." भाऊ खाली मान घालून बसलेला. मी ऐकून घेतलं.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर दवाखान्याच्या बिलाचे कागद निघाले. तेव्हा हेच तात्या म्हणतात, "आता मुलगा-मुलगी सारखेच. सगळ्या भावंडांनी सारखं भरा." मग मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, तात्या, शास्त्रच लावायचं तर पुरतं लावा. बापाचं ऋण फेडणं हे शास्त्रात मुलाचं काम. जमिनीला शास्त्र आणि बिलाला कायदा, हे कुठल्या स्मृतीत लिहिलंय? यावर उत्तर काय, तर "बाईमाणसानं चारचौघांत शास्त्र काढू नये."

मग मी मुद्दाम वाचलं. याज्ञवल्क्य स्मृती सांगते, भावांनी लग्न न झालेल्या बहिणीला आपल्या हिश्शातला चौथा भाग द्यावा. वाटणी होऊन विभक्त झालेल्या माणसाला मुलगा नसेल तर मिताक्षरेत, म्हणजे त्याच स्मृतीवरच्या टीकेत, आधी बायको वारस, मग मुलगी. बंगालात दायभाग हा वारसाहक्काचा वेगळा ग्रंथ चालायचा, तिथं बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हक्कच नाही. थोरल्याला जास्त वाटा आणि नियोग, म्हणजे मूल नसलेल्या बाईला नवऱ्याच्या वंशासाठी दुसऱ्या पुरुषाकडून मूल, दोन्ही एकेकाळी शास्त्रात होते. पुढं पंडितांनीच ते कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात करू नये असं, ठरवून बाजूला काढले. आता यातलं शास्त्र कोणतं धरायचं, हे तात्यांनी सांगावं.

आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईचं तरी आठवा. धर्मशास्त्राच्या वचनांचा संग्रह असलेल्या धर्मकोशाचं संपादन करणाऱ्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनीच 1933 मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची (चक्रवर्ती राजगोपालाचारींची) मुलगी लक्ष्मी यांचं लग्न लावलं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. स्मृतींच्या हिशेबात हे प्रतिलोम, म्हणजे वधू वरच्या वर्णाची आणि म्हणून निषिद्ध. शास्त्र न कळल्यामुळं त्यांनी ते लावलं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

खरं बोलावं, चोरी करू नये, हे जुन्या ग्रंथांत आहे आणि ते आजही बरोबरच आहे. पण ते ग्रंथात आहे म्हणून बरोबर नाही. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं एवढंच उत्तर.

कायद्याचं म्हणाल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. बाप 2005 आधी वारला असला तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदवलेली वाटणी उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीचं मृत्युपत्र केलेलं असेल तर तेच चालतं. शिवाय माहेर तुटू नये म्हणून राजीखुशीनं सही करणाऱ्या बहिणींना मी नावं ठेवत नाही. माझ्या धाकटीनं केली.

मी नाही केली. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, जमीन भाऊच कसतो. बिलातला माझा हिस्सा मी भरला, त्याची पावती तात्यांना दाखवलीय. तुमच्या घरी कुणी शास्त्र सांगत हक्कसोडीचा कागद पुढं केला, तर सहीआधी दवाखान्याचं बिल कोण भरणार ते विचारा.